हायरम पर्सी मॅक्झिम

हायरम पर्सी मॅक्झिम (२ सप्टेंबर, १८६९:ब्रुकलिन, न्यू यॉर्क, अमेरिका - १७ फेब्रुवारी, १९३६:ला हंटा, कॉलोरॅडो, अमेरिका) हे अमेरिकन यंत्र अभियंता, संशोधक व लेखक होते. अमेरिकन रेडिओ रिले लीग (एआरआरएल) या हौशी रेडिओचालकांच्या संघटनेचे ते सहसंस्थापक व पहिले अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाचे (आयएआरयू) पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. बंदुकीचा आवाज दाबणारे मॅक्झिम सायलेन्सर हे उपकरण त्यांच्या नावाने ओळखले जाते. मशीनगनचे जनक सर हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हे त्यांचे वडील, तर स्फोटकांचे संशोधक हडसन मॅक्झिम हे काका. नावांच्या साधर्म्यामुळे पितापुत्रांच्या शोधांची अनेकदा गल्लत केली जाते.

रेडिओ लहरींचा मर्यादित पट्टा अनेकांनी कसा वाटून घ्यावा, या प्रश्नाशी मॅक्झिम यांचे सार्वजनिक कार्य अखेरपर्यंत निगडित राहिले. नौदल, नभोवाणी कंपन्या, परदेशी सरकारे आणि खुद्द हौशी चालकांमधील गट या सर्वांशी त्यांना याच प्रश्नावर वाटाघाटी कराव्या लागल्या.

बालपण आणि शिक्षण

मॅक्झिम यांच्या आईचे नाव जेन बडन. वडील १८८१ मध्ये कामानिमित्त युरोपला गेले आणि पुढे इंग्लंडमध्येच स्थायिक झाले. त्यामुळे वयाच्या बाराव्या वर्षानंतर पर्सी यांना वडिलांचा सहवास जवळजवळ लाभला नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यांत्रिकी शिक्षण पूर्ण करून १८८६ मध्ये ते बाहेर पडले, तेव्हा ते १६ वर्षांचे होते. काही काळ विविध कारखान्यांत काम केल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधील लिन येथील अमेरिकन प्रोजेक्टाइल कंपनीत रुजू झाले.

मोटारगाड्या

१८९२ मध्ये सेलमहून लिनला रात्री सायकलने परतत असताना लहान इंजिनावर चालणाऱ्या वाहनाची कल्पना त्यांना सुचली. गॅसोलीनच्या स्फोटाची ताकद अजमावण्यासाठी त्यांनी तोफगोळ्याच्या रिकाम्या पितळी पुंगळीत गॅसोलीनचे थेंब टाकून ते पेटवून पाहिले. अन्यत्र कोणी असे इंजिन बनवत आहे याची त्यांना त्या वेळी कल्पना नव्हती. या प्रयोगांतून तयार झालेले इंजिन त्यांनी तीनचाकीवर बसवले.

१८९५ मध्ये कनेटिकटमधील हार्टफर्ड येथील पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने त्यांना मोटार विभागासाठी नेमले. कोलंबिया सायकलींमुळे प्रसिद्ध असलेल्या या कंपनीने विजेवर चालणाऱ्या गाड्यांकडे अधिक लक्ष दिले. मॅक्झिम यांनी तेथे विजेच्या आणि गॅसोलीनच्या अशा दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर काम केले. १८९९ मध्ये कनेटिकटमधील ब्रॅनफर्ड येथे झालेली मोटारशर्यत त्यांनी जिंकली. २१ डिसेंबर १८९८ रोजी त्यांचा विवाह मेरीलँडचे माजी गव्हर्नर विल्यम हॅमिल्टन यांची कन्या जोसेफिन यांच्याशी झाला होता. त्यांना हायरम हॅमिल्टन हा मुलगा आणि पर्सी ही मुलगी अशी दोन अपत्ये झाली. मुलगी पर्सी मॅक्झिम ली पुढे अमेरिकेतील लीग ऑफ विमेन व्होटर्स या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या.

सायलेन्सर

३० मार्च १९०९ रोजी मॅक्झिम यांना बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळाले. न्हाणीच्या टबातील पाणी मोरीतून भोवरा करत आवाज न होता निघून जाताना पाहून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. बंदुकीच्या तोंडातून एकदम बाहेर पडणाऱ्या वायूंना नळकांड्यातील वळणदार कप्प्यांतून फिरवून सावकाश सोडणे, हे या उपकरणाचे तत्त्व होय. ध्वनीहून अधिक वेगाने जाणाऱ्या गोळीचा स्वतःचा कडाका त्याने थांबत नाही. गुन्ह्यांमध्ये वापर होईल या भीतीने या उपकरणावर पुढे टीका झाली आणि १९३४ च्या संघीय शस्त्र कायद्याने त्यावर २०० डॉलर कर बसवला. तोवर मॅक्झिम यांची कंपनी इंजिने व कारखान्यांतील यंत्रांचा आवाज कमी करणाऱ्या उपकरणांकडे वळली होती. तिच्या उत्पन्नामुळेच लीगचे अध्यक्षपद कोणतेही वेतन न घेता सांभाळणे त्यांना शक्य झाले असावे.

रेडिओ रिले लीगची स्थापना

मॅक्झिम मुलाच्या निमित्ताने बिनतारी संदेशवहनाकडे वळले, तेव्हा ते चाळिशीत होते. त्या सुमारास अमेरिकेत हजारो तरुण घरी बनवलेल्या यंत्रांवरून मोर्स संदेश पाठवत असत. सुरुवातीला यावर कोणतेच नियंत्रण नव्हते. नौदलाच्या आणि जहाजांच्या संदेशांत हौशी चालकांमुळे व्यत्यय येतो, ही तक्रार जुनीच होती. एप्रिल १९१२ मधील टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर ती ऐरणीवर आली. १३ ऑगस्ट १९१२ च्या रेडिओ कायद्याने प्रत्येक प्रक्षेपण केंद्राला परवाना सक्तीचा केला. खाजगी केंद्रांनी २०० मीटर किंवा त्याहून आखूड तरंगलांबी आणि जास्तीत जास्त १ किलोवॅट शक्ती वापरावी, असे बंधनही त्यात होते. आखूड लहरी दूरवर पोहोचत नाहीत, असा तज्ज्ञांचा तेव्हाचा समज होता. हौशी चालकांना निरुपयोगी जागेत ढकलले की कालांतराने ते आपोआप नाहीसे होतील, अशीही अनेकांची अटकळ होती.

एप्रिल १९१४ मध्ये मॅक्झिम यांना हार्टफर्डहून सुमारे ५० किलोमीटरवरील स्प्रिंगफील्डला एक संदेश पाठवायचा होता. त्यांचे १ किलोवॅटचे केंद्र तेवढ्या अंतरावर पोहोचेना. वाटेवरील विंडसर लॉक्स येथील एका परिचित चालकाने तो संदेश घेऊन पुढे पाठवला. एकेका केंद्राचा पल्ला कमी असला, तरी अनेक केंद्रांनी साखळी धरल्यास संदेश देशभर जाऊ शकेल, हे या साध्या अनुभवातून त्यांच्या लक्षात आले. त्याच महिन्यात त्यांनी हार्टफर्डच्या रेडिओ क्लबपुढे रिले लीगची योजना मांडली. क्लॅरेन्स टस्का या तरुण सहकाऱ्यासोबत त्यांनी देशभरातील चालकांना पत्रे पाठवली. सप्टेंबर १९१४ पर्यंत २३७ केंद्रे नेमली गेली. जानेवारी १९१५ मध्ये लीग स्वतंत्र संस्था म्हणून नोंदली गेली. डिसेंबर १९१५ मध्ये दोघांनी 'क्यूएसटी' हे मासिक स्वखर्चाने सुरू केले. सर्व केंद्रांना उद्देशून केलेल्या हाकेचा सांकेतिक शब्द, हाच या नावाचा अर्थ. लांबच्या मार्गावरील काही निवडक केंद्रांना ४२५ मीटरवर काम करण्याची खास परवानगीही मॅक्झिम यांनी सरकारकडून मिळवली.

फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यू यॉर्कहून कॅलिफोर्नियाला गेलेल्या संदेशाचे उत्तर रिले केंद्रांमार्फत १ तास २० मिनिटांत परत आले. दोनच महिन्यांनी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सर्व हौशी केंद्रे बंद करण्याचा हुकूम निघाला.

नौदलाशी संघर्ष

युद्धकाळात सुमारे ४,००० हौशी चालक सैन्यात बिनतारी विभागांत गेले. लीगचे काम थांबले आणि मासिकही बंद पडले. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपले, पण बंदी उठली नाही. उलट, देशातील रेडिओ संदेशवहन नौदलाच्या ताब्यात देणारे अलेक्झांडर विधेयक काँग्रेससमोर आले. नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स त्याचे पुरस्कर्ते होते. विधेयक संमत झाले असते, तर हौशी रेडिओला कायद्याने फारशी जागा उरली नसती.

मॅक्झिम यांनी डिसेंबर १९१८ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष दिली. युद्धाच्या वेळी सैन्याला प्रशिक्षित चालक कोठून मिळाले, हा त्यांचा प्रमुख मुद्दा होता. दरम्यान, लीगने सभासदांना व त्यांच्या कुटुंबीयांना आपापल्या प्रतिनिधींना पत्रे लिहिण्याचे आवाहन केले आणि विरोधाची पत्रे मोठ्या संख्येने पोहोचली. व्यापारी कंपन्यांचाही विरोध असल्याने विधेयक बाजूला ठेवण्यात आले. त्याचे सारे श्रेय लीगला देणे अतिशयोक्तीचे ठरेल, परंतु विखुरलेल्या छंदिष्टांचा गट संसदेपुढे संघटितपणे उभा राहू शकतो, हे या प्रसंगी प्रथम दिसले. ग्रहणावरील बंदी एप्रिल १९१९ मध्ये, तर प्रक्षेपणावरील बंदी १ ऑक्टोबर १९१९ रोजी उठली.

या वेळी लीगच्या खात्यात केवळ ३३ डॉलर शिल्लक होते. जुन्या सभासदांकडून कर्जरोख्यांच्या रूपाने पैसा उभारण्यात आला आणि टस्का यांच्याकडून मासिक ४,७०० डॉलरना विकत घेण्यात आले. केनेथ वॉर्नर हे सचिव व संपादक झाले. पुढील काळात मॅक्झिम यांनी धोरण आखावे आणि वॉर्नर यांनी दैनंदिन कारभार पाहावा, अशी विभागणी रूढ झाली.

ठिणगी आणि निर्वात नलिका

युद्धानंतर हौशी चालकांमध्ये जो पहिला मोठा अंतर्गत वाद झाला, तो प्रक्षेपणाच्या पद्धतीवरून. जुन्या ठिणगी प्रक्षेपकात विद्युत संधारित्रातील भार ठिणगीवाटे एकदम मोकळा होई. त्यातून निर्माण होणारा तरंग झपाट्याने विरत असे आणि त्याची ऊर्जा एका वारंवारतेवर न राहता आजूबाजूला पसरत असे. एक बलवान ठिणगी केंद्र सुरू झाले, की परिसरातील इतर अनेकांना गप्प बसावे लागे. निर्वात नलिकेवर चालणारा प्रक्षेपक मात्र अखंड आणि अरुंद तरंग देई. तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक केंद्रे सामावू शकत आणि कमी शक्तीत दूरचा पल्ला गाठता येई.

तरीही अनेकांचा ठिणगीवर जीव होता. तिचा सूर कानाला ओळखीचा होता आणि प्रत्येक केंद्राचा आवाज वेगळा ओळखता येई. शिवाय यंत्रांवर बराच पैसा खर्च झालेला होता. नलिका महाग होत्या आणि त्या लवकर जळत. नवी पद्धत म्हणजे कौशल्याचा ऱ्हास, ही तक्रार हौशी रेडिओच्या इतिहासात पुढेही प्रत्येक नव्या तंत्राच्या वेळी ऐकू आली.

वादाचा निकाल प्रयोगाने लागला. डिसेंबर १९२१ मध्ये लीगने पॉल गॉडली यांना उत्तम ग्राहीयंत्र देऊन स्कॉटलंडला पाठवले. आर्ड्रोसन येथील एका मोकळ्या शेतात तंबू ठोकून त्यांनी अमेरिकेतील सुमारे ३० हौशी केंद्रे ऐकली. त्यांपैकी बहुसंख्य केंद्रे नलिकांची होती. नोव्हेंबर १९२३ मध्ये हार्टफर्डचे फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधील नीस येथील लिऑं देलुआ यांच्यात सुमारे ११० मीटरवर अटलांटिकपार दुतर्फा संवाद झाला. निरुपयोगी म्हणून हौशी चालकांच्या पदरात टाकलेला प्रदेशच सर्वांत मोलाचा निघाला. त्यानंतर व्यापारी आणि सरकारी केंद्रांचीही तिकडे रीघ लागली.

जुलै १९२४ मध्ये अमेरिकी सरकारने हौशी चालकांना ८०, ४०, २० आणि ५ मीटरच्या आसपासचे नवे पट्टे दिले. या पट्ट्यांत ठिणगी प्रक्षेपकांना मज्जाव होता. थोड्याच वर्षांत ठिणगी हौशी रेडिओतून पूर्णपणे हद्दपार झाली.

नभोवाणीचे श्रोते

१९२२ मध्ये अमेरिकेत नभोवाणीची लाट आली. लाखो घरांत साधी ग्राहीयंत्रे पोहोचली. या यंत्रांना शेजारच्या वारंवारता नीट वेगळ्या करता येत नसत. त्यामुळे संध्याकाळचे गाणे ऐकताना मोर्सची कटकट ऐकू आली, की दोष शेजारच्या हौशी मुलाला दिला जाई. अनेकदा खरा दोष दुसऱ्या श्रोत्याच्या ग्राहीयंत्राचा किंवा विजेच्या तारांचा असे. पण हे सिद्ध करणे सोपे नव्हते आणि श्रोत्यांची संख्या हौशी चालकांच्या अनेक पटींनी होती.

वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांनी फेब्रुवारी १९२२ मध्ये बोलावलेल्या पहिल्या राष्ट्रीय रेडिओ परिषदेत मॅक्झिम यांनी हौशी चालकांची बाजू मांडली. पुढील वर्षी हौशी केंद्रांवर रात्री ८ ते १०.३० या वेळात आणि रविवारी सकाळी चर्चमधील प्रार्थनेच्या वेळी मौन पाळण्याचे बंधन आले. अनेक सभासदांना ही शरणागती वाटली, कारण नोकरी किंवा शाळा सांभाळणाऱ्यांना मोकळा वेळ संध्याकाळीच मिळे. मॅक्झिम यांची भूमिका मात्र वेगळी होती. लोकमत विरोधात गेले तर कायद्याने दिलेली जागा टिकणार नाही, म्हणून आधी शेजाऱ्याला त्रास होणार नाही अशी व्यवस्था करावी, असे ते मानत.

१९२६ मध्ये या संयमाची कसोटी लागली. झेनिथ कंपनीविरुद्धच्या खटल्याच्या निकालानंतर वारंवारता ठरवून देण्याचा वाणिज्य खात्याचा अधिकारच संपुष्टात आला. अनेक नभोवाणी केंद्रांनी वाटेल ती वारंवारता बळकावली. लीगने मात्र सभासदांना जुन्याच मर्यादांत राहण्याचे आवाहन केले आणि हौशी केंद्रांनी ते बहुतांशी पाळले. फेब्रुवारी १९२७ मध्ये नवा रेडिओ कायदा होऊन संघीय रेडिओ आयोग स्थापन झाला. तोपर्यंत सुमारे अर्धे वर्ष हौशी पट्ट्यांवर कायद्याचा वचक जवळजवळ नव्हताच.

आंतरराष्ट्रीय कार्य आणि १९२७ ची परिषद

एप्रिल १९२५ मध्ये पॅरिस येथे विविध देशांतील हौशी चालकांच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला आणि मॅक्झिम त्याचे अध्यक्ष झाले. स्थापनेचा १८ एप्रिल हा दिवस जागतिक हौशी रेडिओ दिन म्हणून पाळला जातो. भारतातील अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था याच संघाची सदस्य आहे.

संघाची पहिली मोठी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबर १९२७ मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय रेडिओटेलिग्राफ परिषदेत झाली. अनेक युरोपीय देशांत टपाल व तार खाते सरकारी होते आणि खाजगी प्रक्षेपण त्यांना मुळातच नको होते. हौशी चालकांना अगदी चिंचोळ्या जागा आणि अत्यल्प शक्ती द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. मॅक्झिम, वॉर्नर आणि लीगचे उपाध्यक्ष चार्ल्स स्ट्युअर्ट यांनी अमेरिकी शिष्टमंडळामार्फत आपली बाजू लावून धरली. अखेर १६०, ८०, ४०, २०, १० आणि ५ मीटर असे सहा पट्टे हौशी रेडिओला मिळाले. आंतरराष्ट्रीय करारात या छंदाला स्वतंत्र स्थान मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

किंमतही मोठी होती. अमेरिकेत ४० मीटरचा पट्टा ७,००० ते ८,००० किलोहर्ट्झ असा होता, तो ७,३०० पर्यंतच उरला. २० मीटरचा पट्टा १४,००० ते १६,००० किलोहर्ट्झवरून १४,४०० पर्यंत आकसला. सर्वाधिक वापराच्या दोन पट्ट्यांपैकी एकाची सत्तर टक्के, तर दुसऱ्याची ऐंशी टक्के जागा गेली. शिवाय दोन देशांतील हौशी केंद्रांनी प्रयोगविषयक किंवा तारेने पाठवण्याइतके महत्त्व नसलेलेच संदेश द्यावेत, असे बंधन घालण्यात आले. संदेश पोहोचवण्यासाठीच जन्मलेल्या लीगला हे विशेष बोचणारे होते. नेत्यांनी हौशी चालकांची जागा विकून टाकली, असा आरोप काही सभासदांनी केला. ज्या देशांत आदल्या दिवसापर्यंत हौशी प्रक्षेपणच बेकायदा होते, तेथील चालकांना मात्र हाच करार मुक्तिपत्रासारखा वाटला. आरोप करणाऱ्यांनी ही दुसरी बाजू फारशी विचारात घेतलेली दिसत नाही.

करार १ जानेवारी १९२९ पासून अमलात यायचा होता. मधल्या वर्षात लीगने रॉस हल यांच्या नेतृत्वाखाली तांत्रिक विकासाचा कार्यक्रम राबवला. वारंवारता स्थिर ठेवणारे प्रक्षेपक आणि अधिक निवडक ग्राहीयंत्रे कशी बांधावीत, याची सविस्तर माहिती मासिकातून देण्यात आली. गमावलेली जागा परत मागण्यापेक्षा प्रत्येकाने कमी जागा व्यापावी, हा त्यामागील विचार होता. त्यामुळेच लहान झालेल्या पट्ट्यांत पुढील वाढ सामावू शकली. अमेरिकेत १९२९ मध्ये सुमारे १७,००० परवानाधारक हौशी चालक होते. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या ४५,००० च्या पुढे गेली. १९३२ च्या माद्रिद परिषदेत हे पट्टे कायम राहिले.

दूरभाषण आणि स्पर्धा

याच काळात ध्वनिप्रक्षेपण म्हणजे बोलून संवाद साधण्याची पद्धत वाढू लागली. बोलण्याच्या संकेताला मोर्सपेक्षा कितीतरी पट अधिक रुंदी लागते. त्यामुळे मोर्सवाले आणि बोलणारे यांच्यात जागेवरून कायमची कुरबूर सुरू झाली. उपाय म्हणून बोलण्यासाठी स्वतंत्र तुकडे राखले गेले आणि ८० व २० मीटरवरील असे तुकडे १९३३ पासून केवळ वरिष्ठ 'अ' वर्गाच्या परवानाधारकांना खुले राहिले. बोलायला परवान्याची वरची पायरी आणि खटक्याला खालची, ही व्यवस्था आजच्या वाचकाला उलटी वाटेल. पण तिचा निकष कौशल्याइतकाच व्यापलेल्या जागेचाही होता.

स्पर्धांचा उगमही याच वर्षांतला आहे. १९२७ मधील आंतरराष्ट्रीय रिले पार्टीत अमेरिकन चालकांनी शक्य तितक्या परदेशी केंद्रांशी संपर्क साधायचा होता. १९३० मध्ये स्वीपस्टेक्स आणि १९३३ मध्ये फील्ड डे हे उपक्रम सुरू झाले. आणीबाणीत उपयोगी पडेल असा सराव हा त्यांचा घोषित हेतू होता. स्पर्धेच्या काळात पट्टे तुडुंब भरत आणि स्पर्धेत नसलेल्यांना जागा मिळेनाशी होई, ही त्यांची दुसरी बाजू होय.

द ओल्ड मॅन

जानेवारी १९१७ पासून 'क्यूएसटी'मध्ये टी.ओ.एम. म्हणजे 'द ओल्ड मॅन' या टोपणनावाने एक तिरकस लेखमाला येऊ लागली. पहिल्या लेखाचा विषय होता व्यत्यय. विनाकारण यंत्र चालू ठेवणारे, दुसऱ्याचे न ऐकता हाका मारणारे, अर्धवट मोर्स ठोकणारे यांची त्यात यथेच्छ टर उडवलेली असे. अशांना शासन करण्यासाठी या म्हाताऱ्याने 'वूफ हाँग' आणि 'रेटिस्निच' ही छळाची दोन काल्पनिक हत्यारे योजली होती. पुढे लीगच्या कार्यालयात वूफ हाँग म्हणून वेड्यावाकड्या लाकडाची एक प्रत्यक्ष वस्तूच दाखल झाली. ती अद्याप जपून ठेवलेली आहे. लेखक कोण, याबद्दल वाचकांत वर्षानुवर्षे तर्क चालत. अध्यक्ष म्हणून सभासदांना संयमाचे धडे देणारे मॅक्झिमच रात्री हा खडूस म्हातारा होत, हे त्यांच्या मृत्यूनंतरच जाहीर झाले.

इतर कार्य आणि लेखन

१९२६ मध्ये मॅक्झिम यांनी अमॅच्युअर सिनेमा लीग ही हौशी चित्रपटकारांची संस्था स्थापन केली आणि तिचेही अध्यक्षपद भूषवले. खगोलशास्त्रातही त्यांना रस होता. विश्वातील जीवसृष्टीविषयीचे 'लाइफ्स प्लेस इन द युनिव्हर्स' हे त्यांचे पुस्तक १९३३ मध्ये निघाले. वडिलांच्या बालपणीच्या आठवणी सांगणारे 'अ जीनियस इन द फॅमिली' १९३६ मध्ये, तर मोटारगाड्यांच्या प्रारंभकाळावरील 'हॉर्सलेस कॅरेज डेज' त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. यांपैकी वडिलांवरील पुस्तक सर्वाधिक वाचले गेले. विक्षिप्त आणि अनेकदा कठोर पित्याचे चित्र त्यात कडवटपणा न आणता रंगवले आहे. त्यावर आधारित 'सो गोज माय लव्ह' हा चित्रपट १९४६ मध्ये आला.

मृत्यू आणि स्मारक

फेब्रुवारी १९३६ मध्ये पत्नीसह रेल्वेने कॅलिफोर्नियाकडे जात असताना मॅक्झिम आजारी पडले. त्यांना कॉलोरॅडोमधील ला हंटा येथे उतरवून रुग्णालयात नेण्यात आले. तेथेच १७ फेब्रुवारी रोजी घशाच्या संसर्गाने त्यांचे निधन झाले. मेरीलँडमधील हेगर्सटाउन येथील रोझ हिल दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

पुढच्याच महिन्यात आलेल्या पुराने हार्टफर्डमधील लीगचे केंद्र उद्ध्वस्त केले. नवे केंद्र जवळच्या न्यूइंग्टन येथे बांधण्यात आले. मॅक्झिम यांचे डब्ल्यू१एडब्ल्यू हे वैयक्तिक संकेतचिन्ह सरकारच्या अनुमतीने या केंद्राला देण्यात आले. त्यांच्या जन्मदिनी, २ सप्टेंबर १९३८ रोजी, त्याचे उद्घाटन झाले. आजही हे केंद्र याच चिन्हाने मोर्स सराव आणि वार्तापत्रे प्रक्षेपित करते.

पुढील काळातील पट्टेवाटप

मॅक्झिम यांच्या काळातील पट्टेवाटपाचा प्रश्न नंतर नव्या प्रक्षेपणपद्धतींबरोबर पुन्हा पुन्हा उपस्थित झाला. १९५० च्या दशकात टेलिप्रिंटरला, त्यानंतर एकपार्श्व ध्वनिप्रक्षेपणाला आणि संगणक आल्यावर अंकीय पद्धतींना जागा द्यावी लागली. मोर्स हीसुद्धा खटका दाबणे आणि सोडणे या दोनच अवस्थांवर चालणारी पद्धत असल्याने तिला सर्वांत जुनी अंकीय पद्धत म्हणता येईल. तरीही मोर्सचेच चालक संगणकीय पद्धतींचे सर्वांत कडवे विरोधक ठरले.

२०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी विकसित केलेली एफटी८ ही पद्धत अल्पावधीत सर्वत्र पसरली. तिचा संकेत केवळ सुमारे ५० हर्ट्झ रुंद असतो आणि १५ सेकंदांच्या ठराविक वेळखंडांत आळीपाळीने पाठवला जातो. गोंगाटाखाली दबलेला संकेतही संगणक उलगडू शकतो. मात्र तिचे बहुतेक चालक प्रत्येक पट्ट्यात एकाच प्रचलित वारंवारतेभोवती, जेमतेम ३ किलोहर्ट्झच्या खिडकीत गर्दी करतात. २० मीटरवर ही जागा १४.०७४ मेगाहर्ट्झ आहे. या पद्धतीच्या स्पर्धा सुरू झाल्यावर रोजचे संवाद आणि स्पर्धेचे संवाद एकाच खिडकीत कसे मावणार, असा प्रश्न उभा राहिला. स्पर्धकांनी शेजारच्या वारंवारतांवर सरकावे, तर ते टेलिप्रिंटर व मोर्सच्या नेहमीच्या जागेत शिरतात. संगणकच संवाद साधत असेल तर ती स्पर्धा कोणाची, हा आक्षेप वेगळाच आहे. अमेरिकन रेडिओ रिले लीगने जून २०२२ मध्ये अंकीय पद्धतींसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली आणि टेलिप्रिंटरला तिच्याबाहेर ठेवले.

आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाच्या पट्टेयोजनांत आज पद्धतीच्या नावापेक्षा संकेताच्या रुंदीवर भर असतो. २००, ५०० आणि २,७०० हर्ट्झ अशा मर्यादांनुसार पट्ट्यांचे भाग पाडलेले आहेत. काही पट्ट्यांत स्पर्धांसाठी पसंतीचे विभाग सुचवलेले आहेत. बहुतेक देशांत या योजना कायद्याचा भाग नाहीत आणि त्या पाळणे चालकांच्या मर्जीवर अवलंबून असते. १९७९ च्या जागतिक परिषदेत मिळालेल्या १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर स्पर्धा न घेण्याचा संकेतही असाच परस्परसंमतीने ठरलेला असून, तो जगभर पाळला जातो.